सूरजबाईंनी गाळलेलं औषध

पाचोऱ्याच्या शिवारात लोटनआबांसारखा बागवान झाला नाही, असं खुद्द लोटनआबांचं मत होतं. एकेचाळीस साली पावसानं दडी मारली आणि दीपचंद शेठच्या लिंबाच्या बागेत हुमणी शिरली. बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या मुळ्या कुरतडू लागल्या. झाडं पिवळी पडली.

शेठ म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बाग सुधारली तर ठीक. नाहीतर झाडं काढून कापूस! मग तुम्ही सोनगीरला, जावयाच्या दारात!"

आबा शेतीखात्याच्या साहेबाकडून बाटलीभर गढूळ पाणी घेऊन आले आणि चावडीवर गरजले, "यामा डोयाले न दिसनारा किडा शेतस! मातीमा घुसतस नि हुमणीले आतून खातस. आठ रोजमा बठ्ठी हुमणी मरी जाई!"

बाटली गारव्याला ठेवा, ऊन उतरल्यावर मुळाशी ओता, असं साहेबानं बजावलं होतं. बागेतच शेठचं घर. आबांनी बाटली तिथल्या माठाशेजारी टेकवली.

सांजेला पाहतात तो बाटलीतलं पाणी आरशासारखं!

"शेठाणी, यामाना किडा कोठे गयात?"

"अनगळ पाणी आमच्या घरात ठेवता, आबा?" सूरजबाई म्हणाल्या. "दुहेरी फडक्यातून गाळलं. फडक्यातले जीव अलगद विहिरीत सोडले. एकालाही धक्का नाही!"

गाळून उरलेले जीव पुन्हा पाण्यात सोडायचे, हा त्या जैन घरचा धर्म. आबांनी तडक मोट जुंपली. आता किडे झाडापर्यंत न्यायचे तर अख्खी विहीरच उपसायला हवी!

तोवर गावच्या बाया पिण्याच्या पाण्याला घागरी घेऊन आल्या आणि काठावरच थबकल्या. चावडीवरची गर्जना साऱ्यांनी ऐकलेली, आणि किडे विहिरीत गेल्याचंही कळलेलं!

"आबा, पोटमा घुसना तं?" भिकुबाईनं विचारलं.

"मानुसले काहीच करत नही!"

"मंग पहिले तुम्ही प्या."

आबा तांब्याभर प्याले.

"आखो एक," भिकुबाई म्हणाली.

पाचव्या तांब्याला आबा चालले की भरल्या पखालीसारखा आवाज येऊ लागला. तेव्हा कुठं घागरी बुडाल्या.

आठ दिवस मोट थांबली नाही. नवव्या दिवशी झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी उकरली, तर काय! टोपल्याच्या टोपल्या हुमणी, तांबूस पडून मेलेली! शेठनी कापसाचं नाव टाकलं. आबांची छाती बैलगाडीच्या चाकाएवढी झाली.

"एवढे जीव कोणी मारले?" सूरजबाईंनी टोपलीत डोकावून विचारलं.

"तुम्हीच, शेठाणी!" आबा कौतुकानं म्हणाले. "तुम्ही सोडेल किडासनी!"

सूरजबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याच हातानं प्रायश्चित्त ठरवून टाकलं. आठ दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी. त्यांना आणि आबांना, दोघांनाही!

"पन शेठाणी," आबा रडकुंडीला आले, "मी कोठे जैन शे?"

"हुमणी तरी कुठं जैन होती?"