मंगलमूर्ती मंडळींचे दिवंगत लेखक

पुस्तकधंद्याला सर्वांत मोठा धोका लेखकापासून असतो, आणि तोही तो जिवंत असला तरच. हे सत्य चिंचवडच्या ‘मंगलमूर्ती ग्रंथप्रसारक मंडळी’ने १८५६ सालीच ओळखले. संस्थापकांनी पहिले पुस्तक एका हयात शास्त्रीबुवांचे छापले. बुवा रोज छापखान्यात येत, छापून झालेल्या ओळी बदलत आणि जेवूनच जात. तेव्हापासून नियम झाला : लेखक कैलासवासी असावा. (वारस असल्यास ते अबोल असावेत.) नियमाची फळे गोड निघाली. पुढे एकाही लेखकाची तक्रार आली नाही.

शताब्दीचे साल उजाडले तेव्हा पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना सुरू झाला होता आणि लोक भोंग्यावर घड्याळे लावू लागले होते. मंडळींनीही जमान्याबरोबर चालायचे ठरवून स्वतःचा इतिहास लिहवून घेतला. लिहिला कुसुमताईंनी, म्हणजे मालक नानासाहेबांच्या विधवा भावजयीने. बाईंचा जन्म मेलेल्या लेखकांची मुद्रिते तपासण्यात गेला होता. आपले नाव एकदा छापलेले पाहावे, एवढीच इच्छा होती.

नानासाहेबांनी हस्तलिखित वाचून डोळे पुसले.

“उत्तम! पण वहिनी, जरा थांबावं लागेल.”

“किती, भावोजी?”

“ते आपल्या हातात का आहे? प्रकृती कशी असते हल्ली?”

“ठणठणीत.”

“अरेरे,” नानासाहेब म्हणाले, आणि सावरून, “म्हणजे, देवाची कृपा.”

जुळारी सोनबा छपाईचे खिळे जुळवता जुळवता म्हणाला, “वैनीसाहेब, तुमी मनावर घ्येतलं तर व्हईल की.”

कुसुमताईंनी मनावर घेतले. “नावाआधी ‘कै.’ लावा. मुद्रितं मीच तपासते.”

नियमात बसणारा आणि चुकाही काढणारा लेखक मंडळींना प्रथमच लाभत होता.

पुस्तक आले. कुसुमताईंनी नावावरून बोट फिरवले. शाई छान वठली होती. प्रती हातोहात खपल्या. आकुर्डी, देहूरोडहून लोक समाचाराला आले. चहा कुसुमताईंनीच दिला.

“काय लिहायच्या हो बाई! आधी वाचायला हवं होतं,” एक गृहस्थ गहिवरले. “तुम्ही त्यांच्या कोण?”

“जवळचीच,” कुसुमताई म्हणाल्या. “साखर घालू का अजून?”

पुढे बाई हयात असल्याचे फुटले आणि खप थांबला. मंडळींनी वाचकांना बोल लावला नाही, आपणही लावू नये. लेखकाचा फोटो वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत येईपर्यंत त्याचे पुस्तक शेजाऱ्याकडून आणलेलेच आपल्याला पुरते, आणि तेही अजून परत केलेले नसते.