उजव्या काचेचं परवडणारं वंगण

सरकणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात असा एक दिवस उगवतो, की तिला पुढे सरकावंसंच वाटत नाही. माणसांच्या बाबतीत याला निवृत्ती म्हणतात, फायलींच्या बाबतीत 'विचाराधीन', आणि मोटारीच्या काचेच्या बाबतीत नुसतं 'जाम'.

मास्तरांच्या मोटार-शिक्षण शाळेत एकुलती एक गाडी होती. तिची उजवी काच अकरा वर्षांपूर्वी जाम झाली. हँडल फिरवलं की ती दोन बोटं खाली यायची, कुरकुरायची आणि तिथेच ठाण मांडायची. आता परवान्याच्या परीक्षेत उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून दाखवावा लागतो. (गाडीला दिवे असतात हे खरं; पण परीक्षेचा दिव्यांवर विश्वास नसतो.) दोन बोटांच्या फटीतून फार तर दोन बोटंच बाहेर निघतात, आणि त्यांचा अर्थ मागचे लोक भलताच लावतात.

दुसरा कोणी असता तर काच दुरुस्त करून मोकळा झाला असता. मास्तर दूरदृष्टीचे. त्यांनी अभ्यासक्रम दुरुस्त केला. वळणाआधी वेग कमी करायचा, दार वीतभर उघडायचं, हात बाहेर, वळायचं, हात आत, दार बंद. या पद्धतीने अकरा वर्षांत आठशे चाळीस जण तयार झाले. त्यांतले फक्त सहा जण पडले. (गाडीतून. परीक्षेत कोणीच पडलं नाही.) सारं शहर याच शाळेत शिकायचं, कारण दुसरी शाळा नव्हती. गुणवत्तेचं याहून चोख प्रमाणपत्र कुठे मिळणार?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तरांच्या बायकोने गाडी शिकायचं मनावर घेतलं.

बाई वाचनालयात वीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे चढवत होत्या. आता वाचनालयाने वस्त्यावस्त्यांत फिरवायला पुस्तकांची गाडी घेतली होती. ग्रंथपाल म्हणाले, "महिनाअखेर परवाना दाखवा, गाडी तुमची." नाहीतर ती ग्रंथपालांच्या भाच्याकडे जाणार होती, आणि हा भाचा पुस्तकावर ओला पेला ठेवणाऱ्यांपैकी होता. परीक्षा गुरुवारी. ती हुकली तर पुढची थेट तीन महिन्यांनी.

"चालत्या गाडीचं दार मी उघडणार नाही," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"अगं, आठशे चाळीस जणांनी उघडलं."

"त्यांनी तुम्हाला फी दिली होती, म्हणून ऐकून घेतलं. मी नाही ऐकणार. काच खाली आणा."

"खर्च असतो त्याला."

"मग उद्यापासून तुम्हीच चढवा पुठ्ठे. मी घरी बसते काचेकडे बघत."

मास्तर गॅरेजवाल्याकडे गेले. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत, कारण तो गाडी तपासून आधी मान हलवायचा आणि मग मालकाला बाजूला नेऊन हळू आवाजात बोलायचा. त्याने मान हलवली, मास्तरांना बाजूला नेलं.

"काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ना, ती कोरडी पडलीय आणि धुळीने भरलीय. आधी साफ करा, मग सिलिकॉनचा फवारा मारा. तेलबिल घालू नका, रबर फुगतं."

"काही परवडणारं सांग की."

"मास्तर, हे परवडणारंच आहे."

"त्याहून परवडणारं."

डॉक्टरने पुन्हा मान हलवली. ही मान रुग्णाची आशा सोडल्यावर हलवायची होती.

'परवडणारे' या शब्दाची मास्तरांची व्याख्या सोपी होती: जे घरात आधीच आहे आणि कमी झालेलं घरच्यांच्या लक्षात येणार नाही, ते. त्यांनी एक कोरी वही काढली, वर 'वंगण-निवड' असं लिहिलं आणि रीतसर प्रयोग सुरू केले. त्या वहीतल्या नोंदी आजही वाचनीय आहेत.

'खाद्यतेल. काच चार बोटे उतरली. दुपारी मुंग्या आल्या. मुंग्या खोबणीतून विनासायास ये-जा करतात, यावरून वंगण उत्तम असल्याचे सिद्ध होते. (मुंग्यांपुरते.)'

'शिलाई यंत्राचे तेल. काच धाडकन पूर्ण उतरली. वर येण्यास नकार. सायंकाळी ओढून काढली.'

'मेणबत्ती. उन्हात समाधानकारक, सावलीत हट्टी. परीक्षा उन्हात घेण्याची शिफारस करावी.'

'अंगाची पावडर. एक बोट प्रगती. एका विद्यार्थ्याच्या बाहीस सुगंध लागून त्याच्या घरी गैरसमज. (पावडर बायकोचीच होती, परंतु त्याच्या बायकोची नव्हती.)'

'चेहऱ्याला लावायचे क्रीम. परिणाम अतिशय आशादायक. क्रीमच्या मालकीणबाई प्रयोगस्थळी आल्याने प्रयोग स्थगित.'

सरासरी उतरण निघाली साडेतीन बोटं. मनगटासकट हात बाहेर काढायला लागतात सहा. म्हणजे अडीच बोटांची तूट. ती भरून काढायला यापुढे बारीक हाताचेच विद्यार्थी घ्यावेत का, यावर मास्तरांनी बुधवारची अख्खी दुपार विचार केला.

ते विचार करत होते तेवढ्यात बाईंनी साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन खोबण खरवडली. आतून अकरा वर्षांची माती निघाली, एक बटण निघालं, तेलात बुडालेल्या बऱ्याच मुंग्या निघाल्या आणि त्यांचं स्वतःचं क्रीम निघालं. खोबण कोरडी पुसून त्या गाडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. (बाजूला मास्तर बसले होते, पण हिशेबात धरू नका.) डॉक्टरने फवाऱ्याचे दोन फुसकारे मारले आणि पैसे घ्यायला नकार दिला.

काच मासोळीसारखी सुळकन खाली गेली.

"फुकट!" मास्तर घरी येईपर्यंत पुटपुटत होते. "फुकट ही किंमत मी धरलीच नव्हती."

गुरुवारी परीक्षक हातात छापील तक्ता घेऊन बाईंच्या शेजारी बसले. मास्तर मागे. बाईंनी गाडी अशी चालवली, की मास्तरांना वाटलं आपण इतकं चांगलं कधी शिकवलं? उजवं वळण आलं. काच खाली, हात बाहेर, पट्टीसारखा सरळ.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, सगळं छान. पण दार नाही उघडलंत."

"काच उघडी होती की, साहेब."

"काचेचं नाही हो. रकाना आहे." त्यांनी तक्ता दाखवला. चौदावा रकाना: 'वळणापूर्वी दार वीतभर उघडले. होय / नाही.' त्याखाली 'गंभीर चुका' या मथळ्याखाली पहिलीच चूक: 'काचेतून हात काढणे.'

"हे कोणी छापलं?" बाईंनी विचारलं.

"मीच. नऊ वर्षांपूर्वी बदलून आलो, तर प्रत्येक उमेदवार दार उघडतोय. म्हटलं, एवढी माणसं करतात म्हणजे नियम असणार. तक्त्यात छापायचाच राहून गेलेला दिसतो. वर पाठवलं. वरच्या साहेबांनी लगेच सही केली." ते मागे वळून अदबीने म्हणाले, "ते मास्तरांचेच विद्यार्थी."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

परीक्षक मनाचे मोठे. "एक वळण पुन्हा घ्या," म्हणाले. "पण काच वर करून." बाईंनी काच वर केली. पहिल्याच खड्ड्यात ती सुळकन खाली आली. "हे बघा, वाहन सदोष," परीक्षकांनी पेन उचललं. "जाम काचेची गाडी असली तर आणा, नाहीतर तीन महिने थांबा."

बाई मास्तरांकडे वळल्या. "हसलात तर बघा."

"हसतोय कुठे?"

"आतून हसताय."

त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, चौपदरी दुमडला आणि चपलेने खोबणीत ठोकला. काच जाम. मग त्यांनी वेग कमी केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या (वहीत त्याची नोंद नाही), दार वीतभर उघडलं आणि हात बाहेर काढला. चौदाव्या रकान्यात 'होय' पडलं.

आता बाई पुस्तकांची गाडी चालवतात. भाचा अजून बेकार आहे. रस्त्यात पुढच्या गाडीचं दार अचानक वीतभर उघडलं, तर हॉर्न वाजवू नका, शिव्याही देऊ नका. आतला माणूस रीतसर परीक्षा देऊन आलेला आहे आणि उजवीकडे वळतोय.

तुम्ही म्हणे काच खाली करून हात दाखवता. दाखवा बापडे. पण परवाना खरा आहे ना, तेवढा एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या.