नावाड्यांचे जगदाळे सर

आमच्या कॉलेजातले समाजशास्त्राचे जगदाळे सर कुणाला भेटले की "बरं हाय का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "शेवटचं कुठल्या गाण्याला रडलासा?"

हा प्रश्न त्यांनी आमच्या प्राचार्यांना विचारलाय, मिसळवाल्याला विचारलाय, तालमीतल्या पैलवानाला विचारलाय. पैलवान म्हणाला, "गाण्याला न्हाय सर, खांदा निखळला तवा रडलो." एकदा सिग्नल तोडला म्हणून पोलिसानं त्यांची स्कूटर अडवली. सरांनी लायसन्स काढता काढता त्यालाही विचारलं. पोलिसानं आधी डोळे वटारले, मग जरा विचार केला आणि बहिणीच्या वरातीत बँडवाल्यानं कुठलं गाणं वाजवलं होतं ते सांगायला लागला. मागं गाड्यांची रांग शिवाजी पेठेच्या तोंडापर्यंत गेली. दंडाची पावती मात्र त्यानं डोळे पुसून फाडलीच.

सरांचा विषय आहे नाविका. नाविका ही सध्याची पॉप गायिका. केस निळे, आवाज खर्जातला, गाणी अर्धी मराठी अर्धी हिंदी. तिच्या चाहत्यांनी स्वतःला नाव घेतलंय 'नावाडी'. सर या नावाड्यांचा अभ्यास करतात. पन्नाशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा, अंगानं उभा-आडवा माणूस वर्गातल्या पोरींना गंभीरपणे विचारतो, "दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही डोळं का मिटता?" पोरींना आधी हसू यायचं. आता त्या उत्तर देतात, आणि उत्तर देताना वाद घालतात.

"सर, तुम्ही पण फॅन झाला," असं कुणी म्हणालं की मात्र सर चिडतात. "फॅन न्हाय! अभ्यासक हाय. अभ्यासक काठावर उभा असतो."

हा काठ स्टाफरूममध्ये एकदा सुटला. दार लावून सर नाविकाची वल्हं मारण्याची स्टेप करून बघत होते. उजवा हात, डावा हात, कमरेत झोका. मी मराठी शिकवते, त्यामुळे मला परीक्षक नेमलं होतं. तेवढ्यात प्राचार्य आत आले. सर झोक्यातच थांबले.

"निरीक्षण चालू हाय," सर म्हणाले.

"कुणाचं?"

"स्वतःचंच की!"

एका चर्चासत्रात त्यांनी या विषयावर निबंध वाचला. अध्यक्ष म्हणाले, "लोककला सोडून हे काय काढलंत? पोरींचा थिल्लरपणा हा काय अभ्यासाचा विषय आहे?" सरांचा आवाज माइकशिवायही मागच्या रांगेपर्यंत जातो, त्या दिवशी त्यांनी माइक बाजूलाच सारला. "आमच्या गावात पेठेनं फुटबॉलची मॅच जिंकली की बापय माणसं गुलालात लोळत्यात. हरली तर दोन दिवस जेवत न्हाईत. त्याला आपण निष्ठा म्हणतो. मग पोरगी गाण्यावर रडली की थिल्लरपणा कसा?" पुढचा निबंध सुरू व्हायला बराच वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात नाविकाचा कार्यक्रम पुण्याला ठरला. सरांनी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. "मोबाईलवर बघून किती दिवस अभ्यास करायचा? पोहण्यावर पुस्तक लिहायचं आणि पाण्यात उतरायचं न्हाय?" असं म्हणून त्यांनी वर्गातल्या सात-आठ पोरींना घेऊन जायचं ठरवलं. पोरी नाचल्या. घरच्यांची परवानगी घेण्याची वेळ आली तशी एकेक मागं सरकू लागली. मग सर आणि मी घरोघर फिरलो.

रुक्सानाचे वडील शिकलगार पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. त्यांनी चहा दिला, पण मान डोलावली नाही.

"सर, गाणी मोबाईलवर मिळत्यात की. त्यासाठी पुण्याला कशाला?"

"मॅच टीव्हीवर दिसती. तुम्ही स्टेडियमवर कशाला जाता?"

शिकलगारांनी कपातला चहा बशीत ओतला. पुन्हा कपात ओतला. "तिथं सगळी आपली माणसं असत्यात," ते शेवटी म्हणाले.

"तेच तर! हिलाबी तिथं हिची माणसं भेटणार हाईत."

"आणि मुक्काम?"

"माझ्या चुलतबहिणीकडं. ह्या मॅडम सगळा वेळ पोरींबरोबर राहतील. माझा शब्द."

रुक्साना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वडील तिच्याकडं न बघता म्हणाले, "स्वेटर घेऊन जा."

पुण्याच्या प्रवासात सर ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मागून पोरी गात होत्या. एकीचं कडवं चुकलं तर सर मान न वळवता दुरुस्त करायचे. नवा बुशशर्ट, मिशीला तेल. शाळेची सहल निघाल्यासारखा चेहरा.

संध्याकाळी गेटवर आम्ही रांगेला लागलो. एकेक तिकीट मशीनवर धरायचं, हिरवा दिवा लागला की आत. आजऱ्याच्या सविताच्या तिकिटाला लाल दिवा लागला. पुन्हा धरलं. पुन्हा लाल.

"हे तिकीट आधीच कुणीतरी वापरलंय," गेटवरचा माणूस म्हणाला. "बाजूला व्हा."

सविता हॉस्टेलवर राहते. तिकीट तिनं ओळखीच्या कुणाकडून तरी मोबाईलवर घेतलं होतं. ती रडली नाही. फक्त बाजूला झाली आणि म्हणाली, "तुम्ही जावा सगळ्या. मी गाडीत बसते."

मी माझं तिकीट सवितापुढं धरलं. सरांनी माझा हात खाली केला. "मॅडम, पोरींबरोबर बाई माणूस आत पाहिजे. मी घरोघर शब्द दिलाय." आणि स्वतःचं तिकीट सविताच्या हातात ठेवलं.

"सर, न्हाय! तुम्ही एवढं दोन वर्षं..."

"अगं, आत काय होतं ते सगळं जग लिहितंय. बाहेर काय होतं ते कोण बघतंय? जा. डोळं मिटू नको, नीट बघ."

हिरवा दिवा लागला. मी मागं वळून पाहिलं तर सर मिशीवरून हात फिरवत होते. फाटक बंद झालं.

कार्यक्रम कसा झाला हे मला विचाराल तर माझे कान दोन दिवस वाजत होते. पण सविताकडं मी पाहत होते. ती आधी अवघडून उभी होती. दुसऱ्या गाण्याला शेजारच्या अनोळखी पोरीनं तिचा हात धरून वर केला, आणि मग तो हात खाली आलाच नाही.

बाहेर आलो तेव्हा सर फुटपाथवर बसले होते. भोवती गाड्यांचे ड्रायव्हर, तिकीट न मिळालेली पोरं, मुलीची वाट बघणारे एक गृहस्थ. मध्ये आमच्यासाठी आणलेली भडंगाची पिशवी, जवळजवळ रिकामी.

दुसऱ्या दिवशी परतताना साताऱ्यापर्यंत पोरींनी एकदम बोलून सरांना कार्यक्रम सांगितला. सर मध्येच विचारायचे, "मोबाईलचं दिवं कुठल्या गाण्याला लावलं? आधी की नंतर?" त्यावरून भांडणं व्हायची.

दुपारी कॉलेजच्या फाटकाशी पालक उभे होते. शिकलगारांनी मोटारसायकल चालू करता करताच विचारलं, "कसा झाला गं कार्यक्रम?" आणि रुक्साना मागं बसल्या बसल्या सुरू झाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे हात हवेत हलताना दिसत होते. सविताला दोन दिवस घरी न्यायला तिचा भाऊ आजऱ्याहून आला होता. त्यानंही तेच विचारलं. शेवटची पोरगी जाईपर्यंत सर हलले नाहीत.

मग फाटकाशी आम्ही दोघंच उरलो. माझी रिक्षा येऊन थांबली.

"मॅडम," सर म्हणाले, "मला विचारा की."

"काय?"

"कार्यक्रम कसा झाला म्हणून."

मला हसू आलं. "सर, तुम्ही तर आत आलाच नाहीत!"

सर हसले नाहीत. बॅगेचा बंद उगाच घट्ट करत म्हणाले, "आई होती तवर चप्पल काढायच्या आत विचारायची. इथल्या इथं हातकणंगल्याला जाऊन आलो तरी विचारायची, काय काय झालं रं? लग्न केलं न्हाय, पण घरी सांगायला माणूस हुतं. आता उन्हाळ्यापास्नं कुलूप काढतो, आत जातो, आणि... कोण विचारत न्हाय."

मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बॅग ठेवली आणि बसले.

"सर, कसा झाला कार्यक्रम?"

"एक नंबर!" सर शेजारी टेकत म्हणाले. "आता पहिल्यापास्नं ऐका. तुम्ही आत गेला, आणि तिथं एक गजरेवाली हुती..."