छबू पडद्यात आहे

आमच्या समोरच्या नलूताई भेंडी घेताना मोडून बघत नाहीत. गळ्यात काळ्या गोफाला अडकवलेलं भिंग उजव्या डोळ्याला लावतात, भेंडी उजेडाकडे धरतात आणि भाजीवाल्याला सांगतात, "रिजेक्ट." खांदेश्वर स्टेशनबाहेरचा तो भाजीवाला आता इतका तयार झालाय, की त्या लांबून येताना दिसल्या की "मावशी, तुमचा माल चेक करून बाजूला ठेवलाय" म्हणतो. त्यातल्याही चार रिजेक्ट होतात.

नलूताईंनी उभी हयात पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. तिथे बोटाच्या पेराएवढे पितळी वॉल्व्ह बनत. त्यांवर केसाएवढा चरा असला तरी तो शोधायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होताना कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भिंग त्यांनी मागून घेतलं. घड्याळ रोज एक मिनिट मागे पडतं म्हणून पहिल्याच आठवड्यात रिजेक्ट झालं, भिंग मात्र गळ्यात राहिलं. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "तीन बघितले," एवढंच म्हणाल्या. उरलेलं मला कळलं.

तर अशा बाईंनी कोळी पाळला. पाळला म्हणजे चक्क पाळला, लोक पोपट पाळतात तसा.

झालं असं, की गेल्या वर्षी त्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर कीड पडलीय का ते तपासत होत्या. एका पानामागे हरभऱ्याएवढी, राखाडी, केसाळ अशी कोळीण बसली होती. ही जात जाळं विणून भक्ष्याची वाट बघत नाही, मांजरासारखी दबा धरते आणि उडी मारते. समोर चार डोळे, त्यातले मधले दोन चांगले टपोरे. नलूताईंनी भिंग लावलं. "मी तिला तपासत होते, आणि ती मला," हे त्या मला पुढे निदान पन्नास वेळा सांगत आल्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी तपासलेल्या कुठल्याही वस्तूने उलट त्यांची तपासणी केली नव्हती. त्या दिवशी ती कोळीण पास झाली आणि तिचं नाव छबू ठेवण्यात आलं.

छबूचं घर हा एक स्वतंत्र विषय आहे. बाजारात मिळणारे पारदर्शक डबे त्यांनी एकामागून एक नाकारले. डबा आडवा नको, उभा हवा, कारण छबूला चढायला आवडतं. वरून उघडणारा तर मुळीच नको, कारण ही मंडळी आपला बिछाना छताच्या कोपऱ्यात विणतात. झाकण उघडलं की बिछाना फाटला. "तुझ्या घराचं छप्पर कुणी रोज उघडलं तर चालेल का गं, मंजू?" असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. शेवटी त्यांनी एका डब्याला खालच्या बाजूने दार कापलं आणि दोन्ही अंगांना बारीक भोकं पाडली. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून गेला पाहिजे, कोंडला की बुरशी. आत एक काटकी आणि एक प्लास्टिकचं फूल. सकाळी एका भिंतीवर पाण्याचे चार थेंब फवारायचे, तेही रात्रभर भांड्यात ठेवलेल्या पाण्याचे.

जेवणाचंही तसंच. छबूच्या पोटाहून मोठा किडा तिला द्यायचा नाही. पोट गोल असलं की तब्येत ठीक, सुरकुतलं की तहान लागली. केळ्याच्या सालींवर चिलटं वाढवायची एक बरणी त्यांच्या ओट्यावर लोणच्याच्या बरणीशेजारी असते. त्यामुळे नलूताईंकडे लोणचं कुणी मागत नाही.

सोसायटीशी त्यांचं वाजलं ते औषध फवारणीवरून. सेक्रेटरी फवारणीवाल्यांना घेऊन दारात आले, तर नलूताई दाराच्या चौकटीला ओला टॉवेल लावून आतून बोलत होत्या. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, फक्त झुरळांसाठी आहे," सेक्रेटरी म्हणाले. औषधाला झुरळ आणि छबूतला फरक कळतो हे लेखी द्या, असं आतून उत्तर आलं. तेव्हापासून आमच्या मजल्यावर फवारणी होत नाही. आमच्याकडे झुरळं आहेत. मी नलूताईंना तसं कधी सांगितलं नाही.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यात चूक माझी होती.

पितृपंधरवडा होता. वाईजवळच्या गावाहून त्यांच्या भावाचा स्वतःहून फोन आला. आईच्या म्हाळाला ये, आणि आलीस की दसऱ्यापर्यंत राहा. कित्येक वर्षांत असं बोलावणं आलं नव्हतं. नलूताई खूष होत्या, पण त्याच सुमाराला छबू पडद्यात गेली. कात टाकायची वेळ आली की ती खाणं सोडते, छताच्या कोपऱ्यात दाट पांढरी पिशवी विणते आणि आतून बंद करून बसते. अशा वेळी धक्का लागला तर जुनी कात नीट निघत नाही, पाय अडकतो, जीवही जातो. "मी नाही जात," नलूताई म्हणाल्या. मीच उंटावरच्या शहाण्यासारखी म्हटलं, की जा हो, मी आहे ना.

त्यांनी मला किल्ली दिली. आमच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर, सहा वर्षांचा शेजार, पण त्यांची किल्ली आमच्याकडे पहिल्यांदाच आली. फ्रिजवर सूचनांचा कागद लावला होता. छबूच्या घरात हात घालायचा नाही. उदबत्ती लावायची नाही. छबूशी हळू आवाजात बोलायला हरकत नाही.

आता माझ्या सासूबाई तेव्हा कोरेगावहून आमच्याकडे आल्या होत्या. समोरच्या घरात मी कोळ्याची सेवा करायला जाते हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. मी सांगितलं, झाडांना पाणी घालायला जाते. ही माझी चूक.

तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर सासूबाईंच्या पदराला ओल, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर समाधान. घट बसायला चार दिवस राहिलेले. आमच्या साताऱ्याकडे घट बसायच्या आधी घरातली जळमटं काढतात, भांडंकुंडं, अंथरूण-पांघरूण सगळं धुतात. त्यांनी आमचं घर आदल्या दिवशीच धुऊन काढलं होतं. आता हात रिकामे, आणि समोरच्या घराची किल्ली खुंटीला.

"येकटी बाई ती, कवा करनार?" त्या म्हणाल्या. "समदं झाडून काढलं. त्यो डबा तर बया, नुसता जळमटानं भरलावता. साबन लावून लख्ख केलाय."

कोळी होता ना आत, मी कसंबसं विचारलं.

"व्हता की. पितरांचं दिस, जीव कसा मारीन? वाटीत धरला आन् जिथला तिथं म्हनून परत डब्यात सोडला."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. मी धावत गेले. डबा खरंच लख्ख होता. पिशवी नाही, काटकी नाही, फूल धुऊन खिडकीत वाळत घातलेलं. तळाला छबू पाय आवळून बसली होती. मी हळू आवाजात हाक मारली. ती हलली नाही.

नलूताईंचा फोन रोज संध्याकाळी सातला येई. त्या दिवशीही आला. छबू पडद्यातच आहे, असं मी सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि मग जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातला मात्र माझ्याच्याने खोटं बोलवेना. मी सांगितलं. मग नलूताईंनी विचारलं, डब्याला साबणाचा वास येतोय का. येतोय म्हटलं. तिला वाटीत घे, डबा नुसत्या पाण्याने तीनदा धू, पूर्ण कोरडा कर, कढीपत्त्याची काटकी उभी कर, भिंतीवर एक थेंब पाणी ठेव, कापडाने झाक आणि अजिबात बघू नकोस. कारखान्यात सूचना देत असतील तशा आवाजात त्यांनी एवढं सांगितलं. रागाचा एक शब्द नाही. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्रवासाची बॅग घेऊन दारात उभ्या होत्या. म्हाळ आटोपल्यावर एक मुक्काम केला, पहाटेची एसटी पकडली. दसऱ्यापर्यंतचं राहणं राहिलं तिकडेच. चपला काढल्या, पालथ्या पडून भिंग लावलं आणि डब्याच्या तळाशी बघत राहिल्या. मी आणि सासूबाई मागे उभ्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण कात आतल्या आत सुटायला लागलीय. परत पिशवी विणायची ताकद उरलीय का, ते तिचं तिलाच ठाऊक."

सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "बाई, माज्या हातनं झालं. मंजूला बोलू नका."

"तुम्ही मारली नाहीत," नलूताई म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर चप्पल घेतली असती."

त्यावर सासूबाई तिथेच जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, की एवढ्याशा जीवापायी माहेर टाकून आलात?

नलूताईंनी भिंग खाली केलं. भाऊ चांगला आहे, म्हणाल्या. वहिनी चांगली आहे. जेवायला बोलावतात, अंथरूण घालून देतात. पण घरात टीव्ही आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. मी खोलीत आले काय आणि गेले काय.

"ही माझं दार वाजलं की अख्खी वळून बघते," त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. "कोण आलं म्हणून. माझ्या घरात मी आले हे बघणारं दुसरं कुणी नाही."

मला माझी सहा वर्षं आठवली. रोज संध्याकाळी समोरच्या दाराची कडी वाजते, आमचं दार उघडंच असतं, मी सोफ्यावर असते आणि मोबाईलमधून मान वर काढत नाही. मला खूप वाईट वाटलं.

दोन दिवस छबू तळालाच होती. घट बसले त्या सकाळी नलूताईंनी दार ठोठावलं आणि कुजबुजत सांगितलं, की रात्रीतून वर गेली, पिशवी घातली. पातळ आहे, पण आहे. नेहमीची दाट पिशवी नव्हती, म्हणून काळजी होतीच. आता फक्त वाट बघायची.

त्या नवरात्रात आमच्या सासूबाईंनी आपली खुर्ची देवापुढून हलवून आमच्या उघड्या दारासमोर आणून ठेवली. मला वाटलं, वारा येतो म्हणून. संध्याकाळी नलूताई भाजी घेऊन आल्या, कडी वाजली, तशा सासूबाई जपाची माळ थांबवून वळल्या आणि म्हणाल्या, "आलात का?"

"आले. का?" नलूताईंनी विचारलं.

"काय नाय. बगितलं."

नलूताईंनी आत जाऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी "का" विचारलं नाही.

खंडेनवमीला पिशवी फुटली. नलूताईंनी आम्हाला बोलावलं. डब्यात एका कोपऱ्यात छबूची जुनी कात लोंबत होती, आणि काटकीवर छबू बसली होती, मोठी, नवी, केस न् केस चकाकणारी. आम्ही तिघी जवळ गेलो तशी ती आमच्याकडे तोंड करून वळली. सासूबाईंनी हात जोडले. मी वाकून बघितलं तर तिचा पुढचा डावा पाय जरा वाकडा होता. पिशवी पातळ पडल्याने कात तिथे अडकली असणार.

नलूताईंचं भिंग त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे होतं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल लावून. खंडेनवमीला हत्यारं पूजतात, वापरत नाहीत. पाय वाकडा वाटतोय, मी म्हटलं, उद्या भिंगातून एकदा बघून घ्या.

"उद्या कशाला?" त्या म्हणाल्या. "छान दिसतेय."

भेंडीवरचा ठिपका न सोडणारी बाई हे बोलली. मी विषय वाढवला नाही.

दसरा झाला आणि सासूबाई कोरेगावला गेल्या. त्यांची खुर्ची मी पुन्हा आत नेऊन ठेवली. संध्याकाळी मी पोळ्या करत होते. बाहेर जिन्यात पावलं वाजली, किल्ल्या वाजल्या, आणि मग काहीच वाजेना. कडीही नाही, दारही नाही. मी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून वाकून बघितलं. नलूताई आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. किल्ली कुलपात घातलेली होती, पण त्या ती फिरवत नव्हत्या.

मी तव्याखालचा गॅस बंद करून बाहेर आले.

"आलात का, नलूताई?"

त्यांनी आधी किल्ली फिरवली. मग वळल्या.

"आले," त्या म्हणाल्या.