निवृत्तीकाकांचं फाटक

आमच्या घराचा उंबरा ओलांडण्याआधी निवृत्तीकाका डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "लाईन क्लिअर हाय का?" आतून कुणीतरी "क्लिअर!" म्हटल्याशिवाय ते पाऊल टाकत नाहीत. एकदा आम्ही सगळे गच्चीवर पापड वाळत घालत होतो. खाली येऊन बघितलं तर दार सताड उघडं आणि काका वीस मिनिटं बाहेर उभे.

"आत बसायचं की काका!"

"सिग्नल नव्हता."

निवृत्ती कांबळे माढ्याकडच्या एका रेल्वे फाटकावर अठ्ठावीस वर्षं गेटमन होते. नाव निवृत्ती असलं तरी निवृत्त होणं त्यांना जमलेलं नाही. सोलापुरात आमच्या शेजारी राहायला आल्या आल्या त्यांनी पुढच्या खोलीत आपलं फाटकच बांधायला घेतलं. सायकलच्या तारांचे रूळ, छत्रीच्या काड्यांचे दांडे, खराट्याच्या हिरांचा ऊस. त्या पसाऱ्यात खुर्च्या गेल्या. पाहुण्यांनी चहा उभ्याने प्यायचा, तोही रुळांपासून हातभर लांब. कुणी पुढे सरकलं की काका म्हणणार, "गाडी मोठी का तुमी?"

मी शाळेत शिकवते. आमची सहल रेल्वे संग्रहालयात गेली, तेव्हा तिथल्या साहेबांना मी या फाटकाचे फोटो दाखवले. त्यांनी लगेच रविवारच्या प्रदर्शनाला बोलावणं धाडलं.

रविवारी काका नोकरीतला निळा सदरा कडक इस्त्री करून आले. मांडामांड झाली. साडेदहाला लोक जमले. साहेब उत्साहाने म्हणाले, "हं काका, सोडा गाडी!"

"अकरा दहाची हाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मला घाम फुटला, कारण मला ठाऊक होतं की गंमत नाही.

"अहो, पण ही खेळण्यातली गाडी..."

"गाडी खेळन्यातली असंल. वेळ खेळन्यातली हाय व्हय?"

अकरा पाचला काकांनी फाटक लावलं आणि लोक खऱ्या फाटकावर थांबतात तसे थांबले. टेंभुर्णीच्या एका आजोबांनी उसाला पाणी कमी पडतंय म्हणून तक्रार केली. खराट्याच्या उसाकडे बघून. माळशिरसच्या एका बाईंनी शेंगदाण्याचा पुडा सोडला आणि साहेबांच्याही हातावर चार दाणे ठेवले. कुणाची तरी सोयरीक निघाली. साहेब घड्याळ बघायचं सोडून दाणे खायला लागले.

बरोबर अकरा दहाला गाडी आली. काकांनी हिरवी झेंडी दाखवली. सगळा खेळ जेमतेम वीस सेकंदांचा, पण टाळ्या अशा पडल्या, की पलीकडच्या दालनातले लोक धावत आले. त्यांना काकांनी सांगितलं, "पुढची दोन चाळीसला."

संध्याकाळी साहेब म्हणाले, "काका, हे कायमचं इथंच राहू दे. काचेच्या पेटीत ठेवतो."

मला वाटलं, हा माणूस जीव देईल पण फाटक देणार नाही. काकांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. एका रुळावरची धूळ बोटाने पुसली.

"ठेवा. घरी बघनारं कोन हाय?"

मग ते वाकले आणि फाटकाशेजारच्या केबिनच्या पायरीवरून त्यांनी चिमटीत काहीतरी उचललं. हिरव्या लुगड्यातली, बोटाच्या पेराएवढी बाई होती. डोक्यावर टोपलं.

"या कोण, काका?"

"सुमन. भाकरी घिऊन यायची रोज. दीड मैल चालत."

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, काका सोलापुरात येण्याच्या आधीच. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

काकांनी ती बाई रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली.

"अहो, मॉडेल अपुरं राहील की," साहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या साहेब. तुमी कुलूप लावून जानार. हिला एकटीला करमत न्हाय."

परतताना रिक्षात खड्डा आला, की काकांचा हात खिशावर जात होता.