म्हसवडला पाणी आलं

पहिल्यांदा हवालदार आप्पांनी सकाळी साडेसहाला आमची कडी वाजवून "मास्तर, म्हसवडला पाणी आलं" असं सांगितलं, तेव्हा मी झोपेत त्यांचं अभिनंदन केलं. माणदेशातला माणूस, गावाकडे पाणी आलं असेल, आनंद झाला असेल. पण त्यांनी खिशातून एक काळं पेन काढलं, माझ्या दारावरच्या कॅलेंडरवर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "बघा. सा महिनं कोरडं हुतं."

म्हसवड हे त्या पेनाचं नाव होतं.

आप्पांकडे शाईची पेनं आहेत, सगळी चिनी आणि सगळी स्वस्तातली. शंभर-दोनशेची, क्वचित तीनशेची. कुरिअरवाला आमच्या सांगलीच्या गल्लीत शिरला की पोरंसुद्धा सांगतात, आप्पांचं पेन आलं. प्रत्येकाला ते गावाचं नाहीतर नदीचं नाव देतात. झाकण उघडताच भळाभळा शाई सोडणारी कोयना. सोनेरी टोपणाचं, दिसायला राजबिंडं आणि कामाला शून्य, ते औंध. पहिल्या दिवशी लोण्यासारखं चालून तिसऱ्या दिवशी रुसणाऱ्या पेनाला त्यांनी सांगली म्हटलं, तेव्हा गल्लीतले दोघे आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. मी औंधजवळच्या खेड्यातला असून बोलत राहिलो, याचं त्यांना कौतुक होतं.

आप्पा फौजेत कारकून होते. लहानपण मेंढरांमागे गेलं, अक्षर फौजेत वळणदार झालं. नोकरीतली काही वर्षं चीनच्या सीमेवर काढलेली, म्हणून कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांना डिवचायचा, की ज्यांच्यासमोर बंदूक धरली त्यांचीच पेनं खिशात घालता. आप्पांनी एकदाच उत्तर दिलं. "तितं समोरासमोर उभं हुतो गड्या. आता ती माझ्या खिशात हायत. जिंकलं कोण?"

रविवारी सकाळी अंगणातल्या नळाखाली पेनांची अंघोळ असते. निब, शाई निबपर्यंत आणणारी खालची जीभ, शाई ओढायचा पंप, सगळं सुटं करून पितळीत मांडायचं. अडलेल्या जिभेला भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. निब खरखरत असेल तर वाण्याकडच्या खाकी कागदावर पाण्यात बुडवून आठचे आकडे काढायचे, शंभर. त्या दिवशी आप्पांचा अंगठा हिरवा, तर्जनी निळी आणि कानामागे, का कोण जाणे, लाल डाग असतो.

आणि एक पद्धत आहे, जिच्यात मी सापडलो. नवीन पेन ते स्वतः वापरत नाहीत. नवं खोंड शिकलेल्या बैलाशेजारी जुंपतात, तसं नवं पेन आधी दुसऱ्याच्या हाती द्यायचं, असा त्यांचा नियम. "माझा हात कडक हाय," ते म्हणाले. "फायलीवर ठोकून ठोकून. तुमचा मऊ हाय, मास्तर. पंधरा दिस चालवा. रोज एक पान. काय बी लिवा." पंधरा दिवसांनी पेन आणि पंधरा पानं परत करायची. औषधवाला औषधांची नावं लिहून देई. डेअरीच्या शेवंताबाई देवीच्या आरत्या. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, म्हणून कृष्णेच्या उपनद्यांपासून सुरुवात केली.

पानं दिली की आप्पा ती उजेडासमोर धरत, उलटून पाठ बघत, शाई कुठे फुटली का यावर बोट फिरवत. मी एकदा विचारलं, वाचता का हो हे सगळं? म्हणाले, "मजकुराशी माझं काय देणंघेणं न्हाई. मी रेघ बघतो."

मी लगेच विश्वास ठेवला. का ठेवला, ते सांगतो. मी वीस वर्षं मुलांच्या वह्यांवर 'पाहिले' असं लिहून सही करतो, आणि त्यातल्या निम्म्याही वह्या मी वाचलेल्या नाहीत. जग माझ्यासारखंच असणार, असं मला वाटलं.

नद्या संपल्या. मग पर्वत संपले. चौथ्या पेनाच्या वेळी लिहायला काही उरलं नाही, म्हणून मी खरं लिहायला लागलो. मुख्याध्यापकांपुढे गप्प बसतो ते लिहिलं. गुडघा दुखतो ते लिहिलं. एका रात्री, आई गेली त्याच्या आधीच्या दिवाळीबद्दल लिहिलं. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी गावी गेलो नव्हतो. पेपर नव्हते. कंटाळा होता. तिनं माझ्यासाठी हुलग्याची शेंगोळी करून तीन दिवस झाकून ठेवली होती. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. कागदाला सांगितलं, आणि अनेक वर्षांनी मला त्या रात्री शांत झोप लागली.

त्याच पंधरवड्यात एक वाईट दिवस आला. ते पेन माझ्या खिशात फुटलं, पांढऱ्या शर्टावर वहीएवढा डाग पडला आणि नववीचा वर्ग तासभर हसला. घरी येऊन मी दिवसाचं पान लिहिलं. दोनच ओळी. 'हा माणूस एकटा आहे, म्हणून लोकांच्या मागे पेन घेऊन लागतो. पेन हे निमित्त आहे, आणि आम्ही सगळे भिडस्त आहोत म्हणून त्याचं चालतं.'

रविवारी पंधरा पानं दिली. आप्पांनी उजेडासमोर धरली, मान हलवली, आत नेऊन ठेवली.

चार दिवसांनी ते एक स्टीलचा डबा घेऊन दारात उभे. "गार हुईल. आत्ता खावा," एवढंच बोलून गेले. डब्यात शेंगोळी होती. अंगठ्याएवढी जाड, मधून कच्ची, मिठाला जरा जास्त. एकट्या माणसानं पहिल्यांदाच केलेली. बायको हसत म्हणाली, "आप्पांना कुणी सांगितलं तुम्हाला आवडतात म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आप्पा वाचत होते. पहिल्या उपनदीपासून सगळं वाचत होते. आणि ते दोन ओळींचं पान त्याच गठ्ठ्यात होतं.

पुढचे दोन रविवार मी नळाकडे फिरकलो नाही. शाळेत जाताना मागच्या बोळातून गेलो. बायकोला सांगितलं की काम आहे. पुन्हा तेच, पेपर नसताना पेपर. ते वाचून आप्पांना काय वाटलं असेल, याचा विचार करताना मला त्यांनी मागे कधीतरी सांगितलेलं आठवलं. युनिटात आलेली डाक आवक रजिस्टरात चढवायचं काम त्यांचं. हजारो पत्रं त्यांच्या हातून गेली. त्यांच्या नावाचं एकही नाही, कारण घरी लिहिता येणारं कुणी नव्हतं. आता मुलगा तिकडेच सीमेवर आहे, रोज सकाळी मोबाइलवर अंगठा पाठवतो. आप्पांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली.

तिसऱ्या रविवारी मी एक ठरवून गेलो. ते पान चोरायचं. वाचलं नसेल तर सुटलो, वाचलं असेल तर निदान पुन्हा वाचणार नाहीत. आप्पा नळावर होते, तोंडात कोयनेचं टोपण. पाणी प्यायला म्हणून मी आत गेलो आणि कपाट उघडलं.

आत खाकी फायली, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. वर एक जाड रजिस्टर, 'आवक'. रकाने फौजेतल्यासारखे आखलेले. क्रमांक, कोणाकडून, पेन, विषय, शेरा. शेवंताबाईंची आरती चढवली होती, शेरा: 'दोन कडवी गाळली आहेत.' औषधवाल्यासमोर: 'अक्षर समजत नाही. धंद्याला साजेसे.' मग मी. विषय: कृष्णेच्या उपनद्या. शेरा: 'येरळा राहिली.' विषय: गुडघा. शेरा: 'तेल सुचवावे.' आणि मला खरंच मधल्या दिवसांत तेलाची बाटली आली होती, औषधवाल्याकडून असं सांगून. विषय: मातोश्रींची दिवाळी. शेरा: 'कार्यवाही केली.'

त्याखाली ती नोंद होती. विषय: आमच्याविषयी. शेरा: 'पेन उत्तम चालते. मजकूर खरा आहे.'

दारात ओले हात घेऊन आप्पा उभे होते. मी रजिस्टर मिटलं नाही.

"त्या दिशी रेघ लय सरळ आली हुती तुमची," ते म्हणाले. "रागात माणसाचा हात बसतो."

"आप्पा, मी तसं लिहायला नको होतं."

"का? निमित्तच हाय की पेन. न्हाईतर कोण येतंय." त्यांनी हात लेंग्याला पुसले, लेंगा हिरवा झाला. मग फडताळातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. नवीन पेन, करड्या रंगाचं. "ह्याचं नाव ठिवलं न्हाई अजून. तुमी ठिवा."

मी येरळा ठेवलं. राहून गेलेली.

त्या रात्री पहिलं पान लिहायला बसलो. इतक्या महिन्यांत मी कुणाला उद्देशून असं काही लिहिलंच नव्हतं. या वेळी वर लिहिलं, 'तीर्थरूप हवालदार आप्पांस, साष्टांग नमस्कार.' खाली लिहिलं की शेंगोळी कच्ची होती आणि मी ती सगळी खाल्ली. वडील माणसाला कसं लिहितात, तसं ख्यालीखुशाली विचारून पत्र पूर्ण केलं. हल्ली मुलांच्या वह्याही मी वाचतो. वेळ लागतो. तो आप्पांमुळे लागतो, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पंधरा दिवसांनी पानं दिली, आणि पुढच्या रविवारी मी पाणी प्यायला आत गेलो, या वेळी त्यांना सांगून. रजिस्टरात नोंद होती. कोणाकडून: मास्तर. पेन: येरळा. विषय: पत्र. शेऱ्याच्या रकान्यात एक अक्षर नव्हतं. नुसता एक गोल डाग होता, निब कागदावर टेकवून कुणी बराच वेळ बसलं की पडतो तसा, मागच्या पानापर्यंत उतरलेला.

आप्पा रजिस्टर फक्त म्हसवडनं लिहितात.