विषय अक्कांचा

अनुसया गर्जे ह्या बाई 'सायकॉलॉजी'ला 'प्सायकॉलॉजी' म्हणत. ओठ घट्ट मिटायच्या, आधी 'प' फोडायच्या आणि मग पुढचा शब्द सोडायच्या. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "सिस्टर, त्यातला पी सायलेंट असतो." बाई उभ्या राहिल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, लिवलंय त्ये वाया कावून घालवायचं?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं, आणि बरं वाटत नाही.

वर्ग म्हणजे आम्ही पाच जणी. बीडच्या एका नर्सिंग कॉलेजात मेंटल हेल्थ नर्सिंगची एम.एस्सी. नुकतीच सुरू झाली होती. आम्ही चौघी पंचविशीच्या आतल्या. पाचव्या ह्या, शेहेचाळीस वर्षांच्या. शिरूर कासारच्या सरकारी दवाखान्यात वीस-बावीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करून, रजा मंजूर करून घेऊन शिकायला आलेल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायला लागलो. त्या आम्हाला माय म्हणत. मला मात्र वैशे.

मी चौसाळ्याची. वडील गावातल्या सहकारी दूध संस्थेचे सेक्रेटरी. मी बी.एस्सी. पुण्यात केलेली, त्यामुळे बोलणं शुद्ध करून आणलेलं. अक्का मला भर वर्गात "वैशे, आपल्याकडं म्हंत्यात न्हाई का" असं म्हणाल्या, की त्या 'आपल्याकडं'नं माझे कान तापायचे. मग संध्याकाळी होस्टेलवर मी त्यांची नक्कल करायचे. ती मला फार चांगली जमायची.

नकलेला माल भरपूर होता. पुस्तकातला शब्द शिकला की अक्का तो लगेच वापरायला काढत. ते दुष्काळाचं वर्ष होतं. होस्टेलची बोअर मार्चआधीच आटली. अक्का पाइपावर दोनदा टिचकी मारून म्हणाल्या, "डिप्रेशनमधी गेलीय. बोलंना." उशिरा येणाऱ्या एसटीला जजमेंट नव्हतं, होस्टेलच्या रेक्टरबाईंना इनसाइट नव्हती. एकदा त्या माझ्याबरोबर चौसाळ्याला आल्या. त्याच दिवशी दूध संस्थेची सभा होती. चारा नाही, जनावरं छावणीत, दूध निम्म्यावर आलेलं, आणि व्यासपीठावरची माणसं एकमेकांना हार घालत होती. अक्कांनी तासभर शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, समद्यांचा मूड लई उंच हाय. तपासून घ्या." वडील हसून हसून बेजार झाले. मी मात्र परतीच्या गाडीत त्यांच्याशी मांजरसुंबा येईपर्यंत बोलले नाही.

अक्का कुणालाही तपासत. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का? काय जेवलीस?" आम्हाला शिकवलं होतं की रुग्णाशी बोलताना आधी स्वतःची ओळख द्यावी, मग हेतू सांगावा. अक्का म्हणत, "उपाशी मानसाला हेतू सांगून काय करायचा?"

वॉर्डात पहिल्यांदा मनाची तपासणी करायची वेळ आली तेव्हाची गोष्ट. पुढ्यात शिरूरकडच्याच एक म्हाताऱ्या बाई होत्या. मी पुस्तकाप्रमाणे विचारलं, "आज तारीख काय? महिना कोणता? देशाचे पंतप्रधान कोण?" बाई प्रत्येक वेळी म्हणाल्या, "ठाव न्हाई." मी कागदावर लिहून टाकलं, काळाचं भान नाही. अक्का मागे उभ्या होत्या. त्या वाकल्या. "माय, तुमच्याकडं टँकर कव्हा आलता?"

"परवा. बेस्तरवारी. दुपार कलल्यावर."

"मग आता कव्हा?"

"उद्या येईल. माझा नंबर सतरावा हाय. त्या पोराला म्हणावं, माझी घागर मागं सरकवू नको."

अक्का सरांकडे वळल्या. "सर, टाइमाचं भान हाय. आपल्यापरीस जास्ती हाय."

सरांनी माझा कागद घेतला आणि उत्तर खोडलं. त्या दिवशी नक्कल करायला मी आणखी जोर लावला.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे विषय ठरवायचे होते. अक्का दोन दिवस काहीतरी लिहीत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वहीची चार पानं घेऊन माझ्या खोलीत आल्या. "वैशे, येवढं इंग्रजी करून देशील?"

विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या मनाचा. सहा महिने घर सोडून फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचं, लहान लेकरं बरोबर, मोठी लेकरं मागे म्हातारीपाशी, बाळंतपणही फडातच. ह्या बायांचं मन कधी मोडतं, मोडल्यावर ते कुणाला दिसतं, आणि आपली नर्स तिथं कशी पोचेल. असं सगळं मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहिलं होतं. मी बीड जिल्ह्यातलीच, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी ते इंग्रजीत केलं. चांगलं केलं. स्वच्छ टाइप केलं.

सरांकडे आम्ही दोघी बरोबरच गेलो. अक्का दाराशी चप्पल काढत होत्या, तेवढ्यात मी आत जाऊन कागद पुढे ठेवला. सरांनी उभ्यानंच वाचला. "अरे वा! वैशाली, हे फार वेगळं आहे. हा विषय तुझा?"

एक क्षण होता. तो मला मोजल्यासारखा आठवतो. त्या क्षणात 'नाही सर' हे दोन शब्द सहज मावले असते.

मी म्हणाले, "हो सर."

मागे वळून बघितलं तर अक्का दारात उभ्या होत्या. पिशवी छातीशी धरलेली. मला वाटलं, आता बोलतील. त्या आत आल्या आणि सरांना म्हणाल्या, "सर, माझं अजून ठरंना." सरांनी त्यांना एक विषय सुचवला, पहिल्या वर्षाच्या मुलींना वाटणारी परीक्षेची भीती. अक्कांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुझ्या इंग्रजीत त्यो शोभंल." आणि चप्पल घालून पाणी भरायला गेल्या.

मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं घेतला.

वडिलांची सहकारात ओळख होती. दूरच्या एका सहकारी साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या बीडकडच्याच टोळ्या होत्या, तिथली परवानगी मिळाली. मी छापील प्रश्नावली घेऊन कोप्यांत गेले. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, रोज?" मोळी बांधता बांधता बाई म्हणायची, "उदास म्हंजी?" मी समजावून सांगितलं की म्हणायची, "न्हाई बाई, तेवढा येळ कुठला." दोन दिवसांत चौदा बाया झाल्या. चौदाही जणींनी 'कधीच नाही' सांगितलं. माझ्या कागदांवरून ऊसतोड करणारी बाई ही जगातली सगळ्यात सुखी बाई ठरत होती.

मी अक्कांना फोन केला. हेही मी केलं. त्या सुट्टी काढून एसटीनं आल्या. माझ्या हातातली प्रश्नावली त्यांनी घेतली, घडी केली आणि बुडाखाली घालून बसल्या. मग समोरच्या बाईच्या हातून वाढ्यांची पेंढी ओढून बांधायलाच लागल्या. उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांच्या त्या जुड्या. आम्हाला कुणाला बांधता आल्या नसत्या, अक्कांचे हात सरसर चालत होते. पाच-सात पेंढ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "माय, उठल्यावर समद्यात आदी कोन आठवतं?"

बाई थांबली. "थोरली," म्हणाली. "वयात आलीय. माझ्या सासूला दिसत न्हाई." आणि कोयता खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या कोपीतली बाई आपण होऊन येऊन बसली. अक्का तीन दिवस बोलत राहिल्या. मी मागे बसून लिहून घेत राहिले.

प्रबंध नावाजला गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "इतक्या सहजतेनं त्यांना बोलतं कसं केलंत?" मी म्हणाले, "आधी विश्वास मिळवला, मॅडम." ऋणनिर्देशात मी आईवडिलांचे, सरांचे, कारखान्याच्या चेअरमनचे आणि टाइपिंग करणाऱ्याचे आभार मानले होते. अक्कांचं नाव लिहिलं असतं तर कुणी विचारलं असतं, ह्यांचा काय संबंध? म्हणून लिहिलं नाही.

निकालानंतर मला त्याच कॉलेजात नोकरी लागली. अक्का शिरूरला परतल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "वैशे, एक कॉपी देशील मला? झेरॉक्स चालंल."

ती कॉपी द्यायला मला आठ महिने लागले.

अक्का दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. दुपारी पोचले. आतल्या भिंतीला टेकून एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. केसांना तेल लावून नीट वेणी घातलेली, हात मांडीवर. मी नमस्कार केला. ती नुसती बघत राहिली.

"ही केशर," अक्का म्हणाल्या. "माझी धाकली भन."

दोन वर्षं आम्ही एका होस्टेलात होतो. अक्का एकट्या आहेत, कुणी नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.

अक्कांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. त्यांचं सगळं घर ऊसतोडीला जायचं. अक्का शाळेत हुशार निघाल्या, त्यांना वसतिगृहात ठेवलं. केशर राहिली. तिचं लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर जायला लागली. तिसऱ्या हंगामात कोपीतच बाळंत झाली. बाळ गेलं. आठव्या दिवशी ती परत फडात उभी राहिली आणि महिन्याभरात तिचं बोलणं बंद झालं. सासरच्यांनी आणून सोडली. "मी तव्हा नवी नवी नोकरीला लागलते. सिस्टरचीच भन येडी, आसं लोक म्हणतील म्हणून लई लाज वाटायची. तर मी सांगायची, कामाला बाई ठेवलीय. आजून बी हितं समद्यांना त्येच ठाव हाय." त्यांनी चहा गाळला. "शिकायला गेले तव्हा दोन वर्सं आईपाशी ठेवलती. पुस्तकात कोनत्या पानावर हाय ही, त्ये बघावं म्हणून गेलते."

प्रबंध माझ्या मांडीवर होता. मी म्हणाले, "अक्का, विषय तुमचा होता. सरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. आणि आत तुमचं नावसुद्धा नाही."

"मी दारातच व्हते की. आयकलं."

"मग बोलला का नाहीत?"

अक्कांनी कप माझ्यापुढे ठेवला. "बोलले आस्ते तर सरांनी इचारलं आस्तं, हाच विषय कावून? मग केशरचं सांगावं लागलं आस्तं. तू हो म्हणलीस आन् मी सुटले." मग म्हणाल्या, "तुला वाटत आसंल, अक्का लई मोठ्या मनाची. न्हाई गं. मी बी भ्यालेच व्हते."

तेवढ्यात दारात एक बाई आली, कडेवर लेकरू. बाहेर ऊन रणरणत होतं. "सिस्टर, लेकराला ताप हाय. बसते जरा सावलीला." मग केशरकडे बघून सहज म्हणाली, "तुमच्या कामवालीला जरा पानी आनायला सांगा की."

अक्का उठल्या. माझ्याकडे बघितलं नाही, केशरकडेही नाही. माठातून तांब्या भरला, त्या बाईच्या हातात दिला. लेकराच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "ती कामवाली न्हाई. माझी भन हाय. केशर नाव."

मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, "सख्खी भन हाय माझी."

"व्हय?" ती बाई म्हणाली. "मला ठावच न्हवतं बाई." आणि लेकराला पाणी पाजू लागली.